एक सील कमी

महाप्याला, डोंगर जिथे अर्धा खाऊन ठेवलाय
त्याच्या पायथ्याशी आमचा कारखाना.
आम्ही सील करतो. वीजमीटरची, टँकरची, कंटेनरची.
या खेपेला मतपेट्यांची.
देश मला नकाशात सापडेना.
इम्तियाज दळवींनी मोबाईलवर बोट ठेवलं,
तर बोटाखाली अख्खा देश झाकून गेला.

दोन लाख चाळीस हजार नग. रंग राखाडी,
कारण तिथल्या कुठल्याच पक्षाचा नाही.
(एवढं ठरायला म्हणे अकरा बैठका.)
पैसे पाच-सहा देशांनी मिळून दिलेले,
वर्गणीसारखे,
आणि वर्गणीसारखीच प्रत्येकाला पावती हवी.

त्यांच्यातला एक तपासायला आला,
उंच, घामेजलेला.
दिवसभर पकडीने सील ओढत बसला.
तुटलं की खूश.
मला कळेना. दळवी म्हणाले,
वैजयंता, हे तुटू नये म्हणून नसतंच.
तुटलं तर लपू नये, एवढ्यासाठी असतं.

घणसोलीपर्यंत ते वाक्य
माझ्या दाढेत अडकून राहिलं.

शेवटच्या रात्री एक कमी भरलं.
एक लाख सतरा हजार चारशे नऊ.
खोकी उपसली. खुटाळेबाईंनी कचऱ्याचं पिंप पालथं घातलं,
हात कोपरापर्यंत आत.
मालक म्हणाले, एकाने काय होतंय,
त्याच नंबरचं दुसरं काढा.
निघतं. मशीनला दीड सेकंद लागतो.

बटणाकडे कुणी गेलं नाही.
कुणी काही बोललंही नाही,
कंप्रेसर तेवढा धापा टाकत होता.
कोपऱ्यात बूबाकार उभा होता, त्या देशाचा,
निवडणूक कचेरीतला कारकून,
उसनं हेल्मेट कानांवर आलेलं.
मराठी त्याला येत नव्हतं.
बटण आणि आमच्यामधलं अंतर
त्याने वाचलं असावं.

पहाटे चहा घेताना त्याने सांगितलं,
गेल्या वेळी त्याच्या गावात पेट्या पेटवल्या.
मग विचारलं,
तुमच्याकडे हरलेला माणूस काय करतो?

मी म्हटलं, माझा दीर पडला होता, अकरा मतांनी.
दळवींनी इंग्रजीत 'पडला'चं काय केलं कोण जाणे,
तो काळजीने म्हणाला, फार लागलं का?
लागलं, म्हटलं.
तीन दिवस दुकान उघडलं नाही.
चौथ्या दिवशी, ज्याने पाडलं
त्याच्याच पोरीच्या हळदीत
रात्री दोनपर्यंत नाचत होता.
बूबाकारने हे वहीत लिहून घेतलं.
हळद शब्दापाशी अडला. मी हाताला लावून दाखवली,
हळद नव्हती तरी.

पाकिटांचं मी सांगितलं नाही.
मटणाच्या रात्रींचं नाही,
यादीत मयत म्हणून खोडलेल्या
आणि घरी भाकरी थापत बसलेल्या माझ्या सासूचंही नाही.
पाहुण्यासमोर कशाला.
मग दळवींकडे बघितलं, आणि सांगितलं.
सगळं नाही. बरंचसं.
त्याने वही मिटली नाही.
म्हणाला, हे आमच्याकडेही आहे,
आणि पहिल्यांदाच हसला.

सील मिळालं नाही.
रजिस्टरात लिहिलं: ११७४०९. तयार झालं. हरवलं.
पुन्हा काढलेलं नाही.
खाली सात सह्या आणि खुटाळेबाईंचा अंगठा.
मालकांची सही सगळ्यात शेवटी,
जरा वाकडी.
ट्रक न्हावाशेवाकडे गेला तेव्हा उजाडलं होतं.

तिथली निवडणूक होऊन महिना झाला.
पेपरात ओळसुद्धा नाही.
दळवी म्हणतात, बातमी नाही
म्हणजे पेट्या पेटल्या नसणार.
असेल.
सासूचा फॉर्म मी भरून दिलाय,
जिवंत असल्याचे दोन पुरावे जोडून.
तरी रोज जेवणाच्या सुट्टीत
डबा ज्यावर ठेवते तो कागद
आधी उलटून बघते.